पत्ता चुकला नव्हता

आई, तुला वाचता येत नव्हतं म्हणून हे लिहायचा धीर होतोय. तू असतीस तर हा कागद मीच तुला वाचून दाखवला असता आणि वाचताना नको ती वाक्यं गाळली असती. तशी सवय मला होतीच. कॉलेजच्या लायब्ररीतून आणलेली पुस्तकं मी तुला स्वयंपाकघरात वाचून दाखवायचे. तू तांदूळ निवडत, नाहीतर भाकरी थापत ऐकायचीस. एखाद्या बाईनं आपल्या आत्मचरित्रात नवरा गेल्याचं लिहिलेलं असलं की मी दोन पानं उलटून पुढं जायचे. तुला ते लगेच कळायचं. "मधलं काय गिळलंस गं?" असं विचारायचीस, आणि मी काही नाही म्हटलं की पुन्हा तांदळात बोटं घालायचीस. आत्मचरित्रांपेक्षा तुला प्रवासवर्णनं आवडायची. कुणी हिमालयात गेलेलं असायचं, कुणी बोटीनं विलायतेला. बर्फ, देवळं, राजवाडे हे सगळं तू नुसतं हूं हूं करत ऐकायचीस आणि मध्येच थांबवायचीस. "वाटंत काय खाल्लं म्हणं त्या बाईनं? लुगडं कुठं वाळत घातलं?" पुस्तकात ते नसायचं. मग तू म्हणायचीस, "म्हंजे पोचल्यावरचंच लिवलंय. वाटंतलं न्हाईच की."

वाटेतलं तुला ठाऊक असणारच, तुझी रोजीच वाटेवर होती. अप्पा गुळाच्या अडतीवर हमाल होते. टायफॉइडनं गेले तेव्हा मी चार वर्षांची होते. त्यांच्या माघारी गल्लीतल्या एका बाईचा हात धरून तू स्टुडिओत गेलीस, एक्स्ट्रा म्हणून. लग्नात गर्दी पाहिजे, बाजारात बायका पाहिजेत, देवळात टाळ्या वाजवणाऱ्या पाहिजेत, तसल्या कामाला. पण तुझ्या चेहऱ्यात काहीतरी होतं. तू नुसती बसलीस तरी कुठंतरी निघालेली वाटायचीस. ते एका दिग्दर्शकानं हेरलं, आणि तेव्हापासून कोल्हापुरात जो सिनेमा व्हायचा त्यातल्या रेल्वेच्या डब्यात, बैलगाडीत, नावेत, एसटीत एक बाई तू असायचीस. नायक शहराला निघाला की समोरच्या बाकावर तू. नायिका सासर सोडून आली की तिच्या शेजारी मांडीवर गाठोडं घेतलेली तू. शेजारणींना ऐटीत सांगायचीस, "मी काशीला जाऊन आलो. दिल्लीला दोनदा गेलतो. बोटीत बसून विलायतेला गेलतो, उलटी सुदीक झाली न्हाय." आपल्याकडच्या बायका बोलतात तसं, पुरुषासारखं 'गेलतो'. खरं तर तू जोतिबाचा डोंगर चढली होतीस आणि अप्पांना घेऊन एकदा मिरजेच्या दवाखान्यात गेली होतीस. त्यापलीकडे तुझा पाय पडला नव्हता.

मी नऊ वर्षांची असताना एका सिनेमात डब्यात लहान मूल हवं होतं, म्हणून तू मला घेऊन गेलीस. मला तो दिवस अजून जसाच्या तसा दिसतो. डबा म्हणजे फळ्यांचा अर्धा डबा आहे. एक बाजू उघडी, तिथं कॅमेरा. खालून दोन गडी लांब बांबू घालून डबा हलवताहेत. खिडकीबाहेर एक माणूस झाडाची फांदी घेऊन दिव्यासमोरून पळतोय, की आमच्या तोंडावरून झाडांच्या सावल्या जाव्यात. त्याच्या मागं चार हातांवर स्टुडिओची भिंत, पोपडे उडालेली. मी सारखी कॅमेऱ्याकडे बघतेय. दोनदा काम थांबलं, तेव्हा तू माझ्या मांडीला चिमटा काढलास.

"खिडकीतनं भाईर बघ."

"बाहेर भिंत आहे."

"भित हाय ते मला बी दिसतंय. पर तू गाव मागं पडालंय असं बघ. दावणीला म्हस बांधलीया, तिला आता कोण पानी दावंल, असं मनात आण."

"आपली म्हैस कुठाय?"

"मग तुझी मैत्रीण आठव. आन् त्या पेटीकडं आता परत नजर गेली तर घरात गेल्यावर दावतो तुला."

मी मैत्रीण आठवली आणि मला खरंच रडू आलं. सगळे खूश झाले. रंकाळ्याच्या कडेनं घरी येताना मला भाजलेलं कणीस घेऊन दिलंस आणि म्हणालीस, "जमतंय तुला." त्या दिवशी मला तुझा अभिमान वाटला होता. हे आधी सांगते, कारण पुढचं सगळं त्याच्या उलट आहे.

तो सिनेमा आला आणि वर्गातल्या एका मुलीनं मला ओळखलं. तिच्या आईनं तिला माझ्याशेजारी बसू नको म्हणून सांगितलं. विधवा बाई, तोंडाला रंग लावून परक्या पुरुषांसमोर बसते, एवढं लोकांना पुरे होतं. तू डब्यात बसून खिडकीबाहेर बघतेस, बाकी काही करत नाहीस, हे मी कुणाला सांगणार? तेव्हापासून मी म्हणू लागले, "माझी आई शिलाई करते." तू संध्याकाळी शेजारणींची पोलकी शिवायचीस, म्हणजे मी अगदी खोटंही बोलत नव्हते. तुला हे कळलं तेव्हा तू रागावली नाहीस. कापडाचे तुकडे दाराच्या आत असायचे, ते तू ओट्यावर, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसतील असे ठेवू लागलीस.

मी बी.ए.ला होते तोवर आपल्याकडचे सिनेमे कमी झाले, आणि तुलाही कुणी बोलवेना. तू घरात बसलीस. दोन खोल्या, एक मोरी. सकाळी उठून तयार व्हायचीस, आणि मग कुठं जायचं नाही हे लक्षात आल्यासारखी चुलीपुढं बसायचीस. मलाही त्या दोन खोल्यांत कोंडल्यासारखं वाटायचं. एम.ए. करायचं होतं, पुण्याला जायचं होतं. मामानं त्याआधीच कुरुंदवाडचं स्थळ आणलं. कापडाचं दुकान, चार भावांचं एकत्र घर, देवधर्म मानणारी माणसं. मुलगी शिकलेली हवी, गावातल्या शाळेत नोकरी केली तरी चालेल, असं त्यांचं म्हणणं. मामानं मला अंगणात बोलावून बजावलं, "हे बघ, असलं घर परत मिळायचं न्हाय. स्टुडिओचा शब्द सुदीक काढायचा न्हाय कुणी. तुझ्या आईला बी सांगितलंय." तू आत होतीस. ऐकत होतीस की नाही, मी बघितलं नाही. रविवारी ती माणसं पक्कं करायला येणार होती.

त्याच आठवड्यातल्या गुरुवारची गोष्ट. तू सकाळी म्हणालीस, "आज पावणं येनार हायत. च्याला दूध जादा घे." मला वाटलं, मामा येणार असेल. दुपारी तू न्हालीस. जांभळं इरकली लुगडं नेसलीस, केसांत शेवंती घातलीस. अप्पा गेल्यावर तू स्टुडिओबाहेर कधी फूल घातलं नव्हतंस. मला ते खटकलं, पण मी परीक्षेच्या अभ्यासात होते. त्या वर्षी आम्हाला एक प्रश्न हमखास येणार असं सर म्हणाले होते, स्त्रियांच्या आत्मचरित्रांवर. मी त्याचं उत्तर पाठ करत होते. आपल्याकडं बाईचं आयुष्य कुणी लिहून ठेवत नाही, वगैरे.

दार वाजलं. पांढरा शर्ट घातलेले, पन्नाशीचे एक गृहस्थ, खांद्याला टेपरेकॉर्डरची पिशवी. पुण्याहून आले होते, प्राध्यापक होते. सिनेमात काम केलेल्या, पण नाव न झालेल्या बायकांच्या हकिकती ते गोळा करत होते, पुस्तक करायचं होतं. स्टुडिओत रंग लावणाऱ्या अण्णांनी तुझं नाव सांगितलं होतं. "त्यांना निरोप पोचलाय म्हणाले अण्णा. त्या इथंच राहतात ना?"

त्या क्षणी मला सगळं समजलं. शेवंती, दूध, इरकली. आणि तरी माझ्या तोंडून निघालं, "नाही हो. तुमचा पत्ता चुकलाय. माझी आई शिलाई करते."

त्यांनी हातातला कागद पुन्हा बघितला. "पण अण्णांनी हीच गल्ली..."

"त्या नावाच्या दुसऱ्या बाई असतील. आई गावाला गेलीय."

एक वाक्य पुरे होतं, मी दोन बोलले. त्यांना बहुतेक कळलं असावं. शिकवणाऱ्या माणसाला मुलांचं खोटं कळतं, ते मला पुढं अठ्ठावीस वर्षांच्या नोकरीत समजलं. पण ते भले गृहस्थ होते. "तसदी दिली, माफ करा," म्हणाले आणि प्यायला पाणी मागितलं. मी तांब्या आणायला आत आले. तू स्वयंपाकघराच्या दाराआड भिंतीला पाठ लावून उभी होतीस. मला तुझ्या अंगावरून माठापर्यंत जावं लागलं. मी पाणी घेतलं, बाहेर गेले, त्यांनी पायरीवर उभं राहून ते सावकाश प्यायलं, आणि ते गेले.

"गेलं पावणं?" तू विचारलंस.

"गेले."

"पानी दिलंस ते बरं केलंस."

मग तू चुलीवरचं दूध उतरवलंस. दुपारी कधी न लावणारी तू, त्या दुधाला विरजण लावलंस. मी अभ्यासाला बसले, कारण दुसरं काय करावं ते सुचेना. तू लुगडं बदललंस, घडी घालून ट्रंकेत ठेवलंस. ट्रंकेचं झाकण लावता लावता, माझ्याकडे पाठ करून, म्हणालीस, "चांगलं केलंस काम. एकदा बी माझ्याकडं नजर गेली न्हाय तुझी." तुझ्या आवाजात टोमणा नव्हता. तू खरंच काम बघितल्यासारखं बोललीस, आणि म्हणून मी त्यातून आजवर सुटले नाही.

परीक्षेत तो प्रश्न आला. मला त्यात वर्गात सगळ्यांत जास्त गुण पडले.

लग्न झालं. तू कुरुंदवाडला एकदाच आलीस, मला मुलगा झाला तेव्हा, बाराव्या दिवशी बाळाला टोपडं घेऊन. बाहेरच्या सोप्यात पदर डोक्यावरून घेऊन तासभर बसलीस आणि शेवटच्या एसटीच्या आधीच्या एसटीनं परत गेलीस. त्यानंतर दोन पावसाळे गेले आणि मामाची तार आली. मी पोचले तेव्हा तू बोलत नव्हतीस. डोळे उघडे होते. मी अंथरुणाशेजारी बसून काय काय बोलले, तू ऐकलंस की नाही कळलं नाही.

तू गेल्यावर दुसऱ्या वर्षी, एका रविवारी संध्याकाळी टीव्हीवर जुना मराठी सिनेमा लागला. आमच्या घरात सगळे सोप्यात जमले होते. मला सिनेमाचं नाव बघूनच कळलं, तू यात असणार. मी भाजी चिरायचं निमित्त काढून आत जायला निघाले. सासूबाईंना आम्ही अव्वा म्हणायचो, घरात निम्मं कानडीच चालायचं. अव्वांनी हाक मारली.

"कुठं चाललीस? बस हितं. आता रेल्वे येतीया."

मी बसले. डबा आला. नायक रडत होता, आणि त्याच्या समोर तू, मांडीवर गाठोडं, खिडकीबाहेर बघत. मोजून आठ-दहा सेकंद.

"ही तुझी आई न्हवं?" अव्वा म्हणाल्या. घरातले सगळे टीव्हीकडेच बघत होते, कुणी दचकलं नाही. मी वळून त्यांच्याकडे बघितलं. "असं काय तोंड करतीस? आम्हाला ठाऊक होतं की. मुलगी बघायला आलो त्याच्या आदीच ठाऊक होतं. मी तर खरं म्हणजे तुझ्या आईलाच बघायला आलते. विचारायचं होतं, रेल्वेत बसलं की एवढं कसं गं येतंय तोंडावर? पर तुझा मामा असं डोळं वटारून बसलाता, मला वाटलं, बाईला आवडत नसंल. कापडं शिवती म्हणालात, म्हटलं, ऱ्हाऊ दे."

आई, त्या घरात मला कुणी कोंडलं नव्हतं. दार बाहेरून पहिल्यापासून उघडं होतं, आणि आतून कडी लावून मी उभी होते. हे कुणाला सांगता येईना. अव्वांना म्हटलं, "हो, माझी आई." त्या म्हणाल्या, "लई साधी होती." आणि पुढचा सिनेमा बघू लागल्या.

पुढं त्या प्राध्यापकांचं पुस्तक आमच्या शाळेच्या लायब्ररीत आलं. लायब्ररी माझ्याकडेच होती. अकरा बायकांच्या हकिकती, त्यांच्याच बोलीत, टेपवरून उतरवलेल्या. वाटेत काय खाल्लं, लुगडी कुठं वाळत घातली, सगळं त्यात होतं. तुला फार आवडलं असतं. एक बाई बोलता बोलता सांगते, "आमच्यात एक होती. डब्यात बसली की खरोखर गावाला निघालीया असं वाटायचं. तिनं एकदा बी तोंडातनं शब्द काढला न्हाय सिनेमात. नंतर कुठं गेली कुणास ठाऊक." मी त्या पुस्तकावर शिक्का मारला, नंबर घातला, कपाटात लावलं. तुझ्या कुठल्याच सिनेमात तुला एकही वाक्य नव्हतं. तुझा आवाज त्या टेपवर राहिला असता. दुसरीकडं कुठंच नाही.

आता मी कोल्हापुरात मुलाकडे असते. हे गेले, नोकरी संपली. तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट, लिफ्ट नाही. मुलगा फार जपतो. "आई, एकटी खाली जाऊ नकोस, काय पाहिजे ते मी आणतो," म्हणतो. सून चांगली आहे. सगळं हातात मिळतं, आणि दिवसभर मी खिडकीशी बसून असते. गेल्या वर्षी एक पोरगी आली, कॅमेरा घेऊन. पंचविशीची असेल. मला काकू म्हणते. अण्णांच्या नातवाकडे तिला तुझा फोटो सापडला होता, डब्यातला. त्यावरून शोधत शोधत ती माझ्यापर्यंत आली. तुझ्यावर आणि तुझ्यासारख्या बायकांवर ती छोटी फिल्म करत होती. ह्या वेळी मी दार लावलं नाही. तिला आत घेतलं, चहा केला, तीन दुपारी बोलले. बांबूंनी हलणारा डबा, फांदी घेऊन पळणारा माणूस, मिरज, विलायत, सगळं सांगितलं. बोलताना मला हलकं वाटत होतं. वाटलं, उशिरा का होईना, तुझं आयुष्य मी कुणाच्यातरी हाती देतेय.

तिसऱ्या दिवशी शेवटी तिनं विचारलं, "काकू, त्यांना कधी कुणी भेटायला आलं होतं का? कुणी त्यांची मुलाखत वगैरे घेतली?"

कॅमेरा चालू होता. मी सरळ त्याच्याकडे बघितलं आणि म्हटलं, "नाही गं. एक्स्ट्रा बाईला कोण विचारतंय? कुणी आलंच नाही."

आणि मला रडू फुटलं. ते रडू खरं होतं, आई. पोरीचेही डोळे भरले.

फिल्म पूर्ण झाल्यावर इथल्या एका हॉलमध्ये दाखवली. मी मधल्या रांगेत बरोबर मध्यावर होते. उजवीकडे मुलगा, डावीकडे सून, आणि दोन्हीकडे दहा-दहा माणसांचे गुडघे. उठून जायला वाट नव्हती. तू पडद्यावर आलीस, नायक नायिका सगळे कापून नुसती तू, एकामागून एक सतरा डब्यांत बसलेली. आणि शेवटी माझं म्हातारं तोंड आलं, आणि ते वाक्य. फिल्म तिथंच संपते. लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. अनोळखी बायका येऊन माझे हात धरत होत्या. एक म्हणाली, "आपला समाजच असा आहे बघा." मी मान हलवली.

चार दिवसांनी मी पोरीला फोन केला. "ते शेवटचं वाक्य काढता येईल का गं?"

"काकू! ते काढलं तर फिल्म राहतच नाही. सगळ्यांना तेच लागलंय."

"तसं नव्हतं गं ते अगदी."

"म्हणजे?"

मुलगा समोर पेपर वाचत बसला होता. त्यानं मान वर केली.

"म्हणजे मी फार रडलेय त्यात," मी म्हटलं. "बरं दिसत नाही."

ती हसली. म्हणाली, "तेच तर खरं आहे, काकू."

आता ती फिल्म गावोगाव जातेय. नाशिक, नागपूर, मग आणखी कुठं कुठं. पोरीचा रोज फोन असतो. काकू, तुम्ही चला, मी सोबत असते, तिकीट काढते, सगळीकडे लोक तुमच्याविषयीच विचारतात. गेले तर प्रत्येक गावात स्टेजवर बसवतील, माईक देतील, आणि कुणीतरी उठून तोच प्रश्न विचारेल. मी तिला सांगितलं, गुडघा धरलाय, जिना उतरवत नाही. मुलानं ते ऐकलं आणि त्याच संध्याकाळी गुडघ्याचा पट्टा आणि मलम घेऊन आला. तेव्हापासून मी घरात पट्टा लावून बसते. सून सकाळ-संध्याकाळ मलम चोळते, आणि मी मधूनमधून आई गं म्हणते.

हे लिहून झाल्यावर पोरीला पाठवावं, असं दोनदा मनात आलं. पाठवणार नाही. कपाटात साड्यांखाली ठेवीन.

काल दुपारी घरात कुणी नव्हतं. मी पट्टा काढला, तीन जिने उतरून खाली गेले, फाटकापर्यंत जाऊन पुन्हा वर आले. काही दुखलं नाही, आई.